मोज्याला पैसे नाहीत, ऑपरेशनला आहेत

"यात माझ्या पायाचं होईल का?" आयुष्मान कार्डासाठी बोटांचे ठसे देऊन झाले की बायका हा प्रश्न हमखास विचारतात. केंद्रात दुसरं कोणी नसेल तर सलवार घोट्याच्या वर घेऊन दाखवतातही. पोटरीवर दोरीसारख्या पिळलेल्या निळ्या शिरा, घोट्याजवळ काळी पडलेली कातडी आणि काहींच्या त्या काळ्या कातडीत महिनोन्‌महिने न भरलेली जखम. मी श्रीवर्धन तालुक्यात सेवा केंद्र चालवते. आधार, रेशन कार्डातली नावं, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि आता आयुष्मान कार्ड. मी डॉक्टर नाही. पण मी बाई आहे आणि केंद्राचं दार लोटून घेता येतं, एवढ्या कारणाने डॉक्टरला न दाखवलेले बरेच पाय मी पाहिले आहेत.

त्या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं आहे: होईल, पण ऑपरेशन ठरलं तरच. या 'तरच'बद्दल मला लिहायचं आहे. व्हेरिकोज व्हेन्सवर सरकारी विम्याचा पैसा खर्च होतो तो शेवटच्या टोकाला. सुरुवातीला हजार-दोन हजारांत जे थांबलं असतं त्याला कोणी पैसे देत नाही, आणि पुढे भरती करून जे करावं लागतं त्याला हजारो रुपये मंजूर होतात. भरीस भर म्हणजे ज्याला गरज नाही त्याला टेबलावर घेण्याचा मोहही याच रचनेतून तयार होतो. पैसा आपलाच आहे. त्यामुळे "फुकट आहे ना, मग बोलायचं कशाला" हे मला पटत नाही.

आधी आजार समजून घेऊ, कारण याबद्दल गैरसमज फार. पायातल्या शिरांना रक्त वर हृदयाकडे चढवायचं असतं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात, शिरांमधल्या लहान झडपा ते खाली येऊ देत नाहीत. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की पोटरीचा हा पंप बंद असतो. बाळंतपणं, वाढलेलं वजन, वय आणि घराण्यातून आलेल्या कमकुवत शिरा यांची भर पडली की झडपा निकामी होतात. रक्त खाली साचतं, दाब वाढतो, शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. डॉक्टर याचे शून्य ते सहा असे टप्पे करतात. पहिल्या टप्प्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतात. दुसऱ्यात फुगलेल्या शिरा, तिसऱ्यात सूज, चौथ्यात कातडी काळी, कडक आणि खाजरी. पाचवा म्हणजे भरलेली जखम, सहावा उघडी जखम. सगळेच शेवटपर्यंत जात नाहीत. पुष्कळांचं आयुष्य दुसऱ्या टप्प्यात निघून जातं आणि संध्याकाळी पाय जड होण्यापलीकडे त्रास होत नाही.

आपल्या किनाऱ्यावर उभं राहून पोट भरणारे किती आहेत ते बघा. बंदरावर मासळी निवडणाऱ्या आणि विकणाऱ्या बायका, बेकरीत भट्टीपुढचे कारागीर, लग्नाच्या देगांपुढे रात्र काढणारे भटारी, एसटीचे कंडक्टर, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई. सौदी-कुवेतच्या हॉटेलांत बारा-बारा तास उभे राहून पन्नाशीत गावी परतलेले पुरुष तर प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. पैसे घेऊन आले, घर बांधलं, पाय मात्र तिथेच ठेवून आले असं त्यांच्यातला एक जण हसत म्हणतो. हा काही आपल्याच समाजाचा आजार नाही. जीवना बंदरावरच्या कोळणीच्या पायावर आणि शेजारच्या मोहल्ल्यातल्या खालाच्या पायावर त्याच गाठी आहेत. आपल्याकडे तो झाकला जास्त जातो, एवढंच. पाय दिवसभर कपड्यात. बाई डॉक्टर मिळत नाही, पुरुष डॉक्टरपुढे मांडीपर्यंत पाय उघडा करायचा म्हणजे संकोच, आणि घरात सांगितलं तर "वय झालं, होतंच असं". खरं तर वजू करताना दिवसातून पाच वेळा घोट्यापर्यंतचा पाय हाताखालून जातो. तिथली कातडी काळी पडायला लागली, कडक झाली, तर ते सगळ्यात आधी त्या माणसाला स्वतःलाच कळू शकतं. कळतंही. फक्त पुढे कुणाला सांगायचं आणि कुठे जायचं, तिथे गाडी अडते.

आता योजना. रायगडकरांनी हे लक्षात ठेवावं की ही योजना आपल्याकडे फार जुनी आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. उरलेल्या राज्यात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोहोचली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, २०२० पासून दोन्ही एकत्र चालतात. सुरुवातीला कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं आणि ते पिवळ्या व केशरी कार्डवाल्यांपुरतं होतं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते पाच लाख झालं, पांढऱ्या कार्डवाल्यांसह सगळ्या कुटुंबांना खुलं झालं आणि उपचारांची संख्या १३५६ वर गेली. जुलै २०२४ पासून ते प्रत्यक्षात आलं. ही छोटी गोष्ट नाही. आमच्या भागात हृदयाची, किडनीची, कॅन्सरची माणसं या योजनेमुळे घर न विकता बरी होऊन आलेली मी पाहिली आहेत. माझी तक्रार योजना असण्याबद्दल नाही.

तिची रचना मात्र समजून घ्यायला हवी. प्रत्येक उपचाराचं एक नाव आहे, एक सांकेतिक क्रमांक आहे आणि एक ठरलेला दर आहे. याला पॅकेज म्हणतात. रुग्ण भरती होतो, आरोग्यमित्र कागद चढवतो, मंजुरी येते, उपचार होतो, रुग्णालय क्लेम लावतं. पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, औषधं, जेवण असं सगळं धरलेलं असतं. आयुष्मानच्या नियमात भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवसही येतात. शिरा काढण्याचं ऑपरेशन या यादीत आहे. ओपीडी नाही. म्हणजे रुग्णालयाला पैसे मिळतात ते काहीतरी केल्याचे. "तुम्हाला ऑपरेशनची गरज नाही, हे मोजे वापरा, सहा महिन्यांनी परत या" असं सांगून घरी पाठवल्याचा कसलाही दर नाही.

याचा परिणाम काय होतो ते माझ्या ओळखीच्या एका खालांच्या पायावरून सांगते. त्या म्हसळा तालुक्यातल्या. शाळेत खिचडी शिजवतात, वय पन्नाशीचं, चार बाळंतपणं. पाच-सहा वर्षांपूर्वी पाय सुजायला लागले तेव्हा एका डॉक्टरने दाबाचे मोजे सांगितले. दुकानात किंमत विचारली तर जोडीला दीड-दोन हजार, आणि वापरून दाब ढिला झाला की पुन्हा नवीन घ्यायचे. मुलाच्या कॉलेजची फी त्याच महिन्यात होती. मोजे राहिले. डॉपलर तपासणी सांगितली होती, तिच्यासाठी आमच्याकडची माणसं माणगाव, अलिबाग नाहीतर पनवेल गाठतात. तपासणीचे दीड-दोन हजार, एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाची आणि स्वतःची बुडालेली मजुरी. तीही राहिली. कातडी काळी झाली, खाज सुटली, खाजवता खाजवता जखम झाली. मग सुरू झालं ड्रेसिंग. दिवसाआड शंभर रुपये म्हणजे महिन्याला दीड हजार, वर्षाला अठरा हजार. तीन वर्षं. हिशेब करा, मोज्याच्या किती जोड्या झाल्या. एवढं होऊनही कार्डाचा उपयोग शून्य, कारण रोज घरी जाणाऱ्या माणसाच्या जखमेला पॅकेज नाही. अखेर जखम चिघळली, ताप भरला, भरती करावं लागलं आणि त्या दिवसापासून कार्ड चालू झालं.

विम्याच्या बाजूने बघितलं तरी हा तोट्याचा धंदा आहे. जखम चिघळून होणारी भरती, पुन्हा भरती, मग ऑपरेशन, हे सगळं सरकारच्याच खात्यातून जातं. आपल्या राज्यात या योजनेचा एक भाग विमा कंपनीमार्फत चालतो, सरकार प्रत्येक कुटुंबामागे हप्ता भरतं. क्लेम वाढले की पुढच्या कराराच्या वेळी हप्ता वाढतो. मोज्याचे दोन हजार वाचवून आपण हप्ता वाढवतो आहोत.

आणि हे मी मनाने बोलत नाही. ब्रिटनमध्ये यावर नीट अभ्यास झाले आहेत. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये ५०० रुग्णांचा एक अभ्यास आला होता. नुसत्या दाबाच्या पट्ट्या बांधलेल्यांपैकी २८ टक्के लोकांची भरलेली जखम वर्षभरात परत उघडली. पट्ट्या आणि शिरेचं ऑपरेशन दोन्ही केलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. पुढे २०१८ मध्ये ४५० रुग्णांचा दुसरा अभ्यास झाला. जखम असतानाच लवकर शिरेवर उपचार केला तर ती साधारण ५६ दिवसांत भरली, थांबून केला तर ८२ दिवस लागले. दोन्ही अभ्यासांत पट्टीचा दाब सगळ्यांना होता हे विसरू नका. म्हणजे ऑपरेशन वाईट आहे असं अजिबात नाही. ज्याच्या पायाला जखम आहे किंवा कातडी काळी पडली आहे त्याच्यासाठी ते लवकर झालं पाहिजे, आणि त्याच्या सोबत दाबाची पट्टी पाहिजेच. आमच्याकडे नेमकं उलटं घडतं. पट्टी नाही, आणि ऑपरेशन तीन वर्षं उशिरा.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने जुलै २०१३ मध्ये व्हेरिकोज व्हेन्सचे निकष लिहून काढले. दुखणं किंवा सूज असेल, कातडी बदलली असेल, शिरेत गुठळी होऊन ती कडक झाली असेल, गुडघ्याखालची जखम दोन आठवड्यांत भरली नसेल तर तज्ज्ञाकडे पाठवा. दोन आठवडे! आमच्या खाला तीन वर्षं ड्रेसिंग करत होत्या. त्याच निकषांत पुढे असंही आहे की शिरा बंद करण्याचे उपचार शक्य असतील तर रुग्णाला नुसत्या मोज्यांवर ठेवू नका. हे वाचून कोणी म्हणेल, मग तू मोज्यांचा आग्रह का धरतेस? कारण तिथे तज्ज्ञ आणि डॉपलर दारात आहे. श्रीवर्धनहून पनवेलला सकाळी निघालेला माणूस दुपारी पोहोचतो. अलिबागला जायचं तर दिघी-आगरदांडा जेट्टीने खाडी ओलांडून मुरूडमार्गे जायचं, पावसाळ्यात तेही बेभरवशाचं. योजनेतली मोठी खासगी रुग्णालयं पनवेल, कामोठे, नवी मुंबईकडे आहेत. जोवर हे अंतर आहे तोवर पट्टी आणि मोजे हाच आपल्या बायकांचा खरा उपचार आहे, आणि नेमका तोच विम्याबाहेर आहे.

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगून टाकते. पायाला रक्त पोहोचवणाऱ्या धमन्याच अरुंद झाल्या असतील तर घट्ट मोजे घालणं धोक्याचं असतं. मधुमेह असलेल्या आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त दिसतं. तेव्हा घोट्याजवळची नाडी डॉक्टरने तपासल्याशिवाय दुकानातून मोजे उचलून आणू नका. आणि फुगलेल्या शिरेवर हिजामा करून "खराब रक्त" काढायला तर बिलकूल जाऊ नका. ते रक्त खराब नसतं, साचलेलं असतं. वरून छेद दिला की नवीन जखम होते आणि या पायावर जखम भरत नाही, हीच तर मूळ अडचण आहे. युनानीत या आजाराला दवाली म्हणतात. हजार वर्षांपूर्वी अल-अंदलुसमध्ये अल-झहरावी यांनी तो कसा कापायचा, शीर कशी बांधून बाहेर काढायची हे आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं. परंपराच सांगायची असेल तर ती ही आहे.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल आपल्यात कमी बोललं जातं. पॅकेज फक्त काही केल्याचं मिळतं म्हटल्यावर काही ठिकाणी गरज नसताना करण्याचा मोह होणारच. छत्तीसगडमध्ये २०१२ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं उघड झाली होती. तेव्हा संरक्षण होतं कुटुंबाला वर्षाला अवघे ३० हजार. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरीसणा गावात मोफत शिबिर घेतलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या १९ जणांना बसमध्ये घालून अहमदाबादला नेलं, त्यातल्या सात जणांची अँजिओप्लास्टी केली. दोघे मेले. सगळं आयुष्मान कार्डावर. कॅगने ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत ठेवलेल्या अहवालात तर या योजनेचे जवळजवळ साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाईल नंबरवर नोंदलेले सापडले. नोंदीत आधीच मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावाने ६.९७ कोटी रुपये दिले गेल्याचंही त्यात आहे. कार्ड काढणं हेच माझं काम असल्यामुळे हा अहवाल वाचताना माझ्या पोटात गोळा आला. नंबर नसला की काहीतरी टाकून पुढे जाणं किती सोपं आहे हे मला माहीत आहे.

व्हेरिकोज व्हेन्स या मोहाला फार सोयीची. हा आजार पुष्कळांना असतो, डोळ्यांना दिसतो, घाबरवता येतो. "फुटली तर रक्त थांबणार नाही", "पाय कापावा लागेल" एवढं म्हटलं की माणूस सही करतो. पण फुगलेली शीर आहे म्हणजे ऑपरेशन पाहिजे असं नाही. पहिल्या टप्प्यातल्या बारीक रेषा हा तर निव्वळ दिसण्याचा प्रश्न, तिथे सार्वजनिक पैसा जाताच कामा नये. शिवाय एक शीर बंद केली तरी काही वर्षांनी दुसरी फुगू शकते, हे शिबिरात कोणी सांगत नाही. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका शिबिरात पंचविशीतल्या एका मुलाला, ज्याच्या पायाला ना सूज ना दुखणं, डॉपलर न करताच "दोन्ही पायांचं करून टाकू, कार्ड आहे ना" असं सांगितलं होतं. त्याच शिबिरात मधुमेह असलेल्या, जखमेच्या एका आजींना मात्र "आधी शुगर कंट्रोल करा" म्हणून परत पाठवलं. सोपा पाय घ्यायचा आणि अवघड सोडायचा. पॅकेजचा दर दोघांना सारखाच असेल तर वेगळं काय होणार?

योजनेतल्या रुग्णालयांनी शिबिरं घेणं अपेक्षितच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण आपल्या जमातींनी, तरुण मंडळांनी, मदरशांच्या सभागृहांनी शिबिराला जागा देताना चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे? तपासणारा डॉक्टर कोण, त्याचा नोंदणी क्रमांक काय, बायकांना तपासायला बाई डॉक्टर किंवा नर्स आहे का, आणि ज्याला ऑपरेशन सांगितलं त्याच्या हातात लेखी कागद देणार का. एवढं विचारलं की निम्मी शिबिरं आपोआप प्रामाणिक होतात. आपल्याकडे पाहुणा डॉक्टर आला की त्याचा शाल देऊन सत्कार होतो. सत्कार जरूर करा, पण कागद मागून.

काही मित्र मला म्हणतात, सरकारकडे पैसा मर्यादित आहे, कॅन्सर आणि हृदयरोग सोडून पायाच्या शिरांवर कशाला बोलायचं. मला उलट वाटतं. पैसा मर्यादित आहे म्हणूनच बोलायचं. सगळ्यांना मोजे वाटा असंही मी म्हणत नाही. चौथ्या टप्प्याच्या पुढच्या माणसाला, म्हणजे कातडी बदललेल्या किंवा जखम असलेल्या माणसाला, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाबाची पट्टी बांधून मिळाली पाहिजे आणि वर्षाला मोज्यांच्या दोन जोड्या मिळाल्या पाहिजेत. डायलिसिसला आज योजनेत पैसे मिळतात आणि तो माणूस संध्याकाळी घरी जातो, मग पायाच्या जखमेला तसंच एखादं ओपीडी पॅकेज का नसावं? पट्टी बांधणं हे शिकवता येणारं काम आहे, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर ते करू शकतील. मोजे सरकारने घाऊक घेतले तर दुकानाच्या भावाने पडणार नाहीत. उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस डॉपलर करणारा आणि शिरा पाहणारा डॉक्टर आला तर श्रीवर्धन-म्हसळ्याच्या माणसाला पनवेल गाठावं लागणार नाही. त्या दिवसाच्या तपासणीचे पैसे योजनेतून द्यावेत, ऑपरेशन निघो वा न निघो. "गरज नाही" हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या डॉक्टरलाही त्याच्या वेळेचा मोबदला मिळाला पाहिजे. आणि शिरांच्या प्रत्येक क्लेमवर आजाराचा टप्पा लिहिलेला असावा, जिल्ह्याचे आकडे जाहीर व्हावेत. एखाद्या रुग्णालयात दुसऱ्या टप्प्याचेच शंभर आणि सहाव्याचा एकही नाही असं दिसलं तर प्रश्न विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.

तोवर आपण काय करायचं? कॉलेजात शिकणाऱ्या, मोबाईल सफाईने चालवणाऱ्या तुमच्यासारख्यांसाठी पहिलं काम कंटाळवाणं आहे: घरातल्यांच्या कागदांवरची नावं जुळवणं. आधारवर 'फातिमा', रेशन कार्डावर 'फातमाबी', लग्नानंतरचं आडनाव एकीकडे आणि माहेरचं दुसरीकडे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या तालुक्यात कित्येकांची कार्डं भिजून गेली, नवीन काढताना स्पेलिंग बदललं, ते तसंच आहे. माणूस स्ट्रेचरवर असताना हे दुरुस्त होत नाही. आज सुट्टी असेल तर आजच बघा. दुसरं, आई, फुफी, खाला यांचे पाय विचारा. मुलीने विचारलं तर त्या दाखवतात, हा माझा अनुभव आहे. जखमेवर पट्टी असताना वजूसाठी ती रोज सोडून भिजवत असतील तर मशिदीतल्या मौलानांना विचारून या, पट्टीवरून ओला हात फिरवण्याची सवलत आहे हे ते सांगतील. मी दोघींना असंच पाठवलं होतं, जखम कोरडी राहू लागली. तिसरं, कार्डावर उपचार सुरू असताना कोणी वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करा. फोन लागतो, वाट बघावी लागते, पण लागतो.

आणि एक काम आपण मिळून करू शकतो. योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीचं कार्यालय वरळीला जीवनदायी भवनात आहे. तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, नाहीतर परत येतो. मी मसुदा करून ठेवला आहे. मागच्या तीन आर्थिक वर्षांत रायगड जिल्ह्यातल्या रुग्णांच्या व्हेरिकोज व्हेन्सच्या किती क्लेमना मंजुरी दिली, एकूण किती रक्कम दिली, कोणत्या रुग्णालयाला किती, त्यात किती रुग्णांच्या पायाला जखम होती, आणि एकाच रुग्णाची वर्षभरात दुसऱ्यांदा भरती किती वेळा झाली. एकशे वीस शब्द झाले आहेत. मुरूड, अलिबाग, उरण आणि म्हसळ्यातून आणखी चौघांनी आपापल्या तालुक्यापुरता असाच अर्ज टाकला तर आकडे ताडून बघता येतील. मसुदा हवा असेल त्याने कळवावं, मी पाठवते.